इंजिनाला लागलेली धाप

१९१८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका विमानाच्या इंजिनाने डोंगर चढला, पण रस्त्याने, ट्रकवर बसून. डोंगराचे नाव पाइक्स पीक, उंची १४,१०९ फूट. इंजिन होते लिबर्टी, अमेरिकेने पहिल्या महायुद्धासाठी घाईघाईने घडवलेले, बारा सिलिंडरांचे. त्याच्यासोबत शक्ती मोजायचे यंत्र होते, मूठभर तंत्रज्ञ होते आणि सॅनफोर्ड मॉस नावाचा एक अभियंता होता. आकाशात उडणाऱ्या यंत्राची परीक्षा घ्यायला ते जमिनीवरून एवढ्या उंचीवर वाहून न्यावे लागले, कारण माथ्यावर शांतपणे उभे राहून आकडे टिपता येतात; उडत्या विमानात ते शक्य नव्हते. पायथ्याच्या खाली, समुद्रसपाटीला, हे इंजिन साधारण ३५० अश्वशक्ती देत असे. माथ्यावर त्याची शक्ती २३० वर आली. इंजिन तेच, पेट्रोल तेच, माणसे तीच. कमी झाली होती ती फक्त हवा.

उंच उड्डाणांचा इतिहास बहुधा वैमानिकांच्या धाडसाची मालिका म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगायला हरकत नाही, पण त्यात मुख्य पात्र बाजूला राहते. १९१८ ते १९३३ या पंधरा वर्षांत जे घडले, म्हणजे पाइक्स पीकवरच्या त्या ट्रकपासून एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेलेल्या दोन छोट्या विमानांपर्यंत, ते मुळात श्वासाचे प्रकरण आहे. पंख वर जायला तयार होते, माणसेही तयार होती. दम लागत होता तो इंजिनाला.

हे नीट कळण्यासाठी हवेचे वजन ध्यानात घ्यावे लागते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सुमारे सव्वा किलो भरते. पाइक्स पीकच्या उंचीला ती आठशे ग्रॅमच्या आसपास येते आणि एव्हरेस्टच्या माथ्याच्या पातळीला पावणेपाचशे ग्रॅमवर, म्हणजे मूळच्या ३९ टक्क्यांवर. हवा अशी विरळ झाली की छोट्या विमानात तीन ठिकाणी तिची उणीव भासते: पंखाला, पंख्याला आणि इंजिनाला. पण तिघांचे दुखणे सारखे नसते. पंखाची उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असते तशी वेगाच्या वर्गावरही असते. घनता घटली तर विमानाने अधिक वेगाने जायचे, की हिशेब जुळला. वेगमापकाची नळीदेखील विरळ हवेत फसते आणि प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवते; गंमत अशी की ही फसवणूक वैमानिकाच्या सोयीची ठरते, कारण ज्या आकड्याला विमान जमिनीलगत गळून पडते त्याच आकड्याला ते वरही पडते. एव्हरेस्टच्या उंचीवर काटा १०० दाखवत असेल तर खरा वेग १६० च्या घरात असतो. पंखाला एवढे पुरते. मात्र तोच रोध दीडपटीहून अधिक वेगाने ढकलत न्यायचा तर शक्तीही तितक्याच पटीने जास्त हवी, आणि ती देणारे इंजिन नेमके इथेच पांगळे होते. इंजिन हवा मापाने घेते, वजनाने नव्हे. सिलिंडर म्हणजे एक पायली. दर फेरीला ती काठोकाठ भरते, पण वरच्या हवेत तिच्यात दाणे कमी आणि पोकळी जास्त. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, प्राणवायू कमी म्हणजे जळणारे पेट्रोल कमी. वैमानिकाने हाताने पेट्रोलचे प्रमाण घटवले नाही तर मिश्रण गच्च होऊन इंजिन आणखीच गुदमरते. साधे इंजिन एव्हरेस्टच्या पातळीवर आपल्या शक्तीचा जेमतेम तिसरा हिस्सा देईल. ज्या जागी दीडपटीहून अधिक शक्ती लागते त्या जागी एक तृतीयांश हातात: उंच उड्डाणाची सगळी अडचण या दोन आकड्यांच्या मधल्या दरीत आहे.

माणसाच्या बाबतीत हे आधीच कळून चुकले होते, आणि त्याची किंमतही मोजून झाली होती. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच जण सुमारे २८,००० फुटांवर गेले. खाली उतरताना त्यांतला एकच, गॅस्तों तिसांदिए, जिवंत होता. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या, पण त्या तोंडाला लावण्याची गरज वाटेपर्यंत हात उचलण्याचे त्राण उरले नव्हते. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मृत्यूंचे कारण प्रयोगांनी पक्के केले: उंचीवर माणूस थकून किंवा थंडीने नव्हे, तर प्राणवायूचा दाब घटल्याने मरतो. बलूनला इंजिन नव्हते, म्हणून प्रश्न फुप्फुसापुरता राहिला. विमान आले तेव्हा त्यात दोन श्वास घेणारे होते, एक माणूस आणि दुसरे यंत्र.

पहिल्या महायुद्धाने या दुसऱ्या श्वासाची निकड निर्माण केली. आकाशातल्या लढाईत जो वर तो वरचढ. त्यामुळे प्रत्येक पक्षाला आपले विमान आणखी हजार-दोन हजार फूट वर न्यायचे होते. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो यांनी एक युक्ती काढली. इंजिनातून धुरासोबत जी ऊर्जा वाया जाते तिच्यावर एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने दुसरे चक्र फिरवून बाहेरची विरळ हवा दाबून सिलिंडरांत कोंबायची. म्हणजे पायली तीच, पण दाणे दाबून भरलेली. अमेरिकेच्या सरकारी वैमानिकी समितीचे प्रमुख विल्यम ड्युरंड यांना ही कल्पना कळली तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात असताना पाहिलेला एक विद्यार्थी त्यांना आठवला. गॅस टर्बाइनवर काम करणारा तो विद्यार्थी म्हणजेच मॉस. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्याने टर्बाइनचे प्रयोग केले होते, पण त्यात जळणाच्या मानाने हाती फारच थोडे लागत असल्याने कंपनीने ते गुंडाळून ठेवले होते. वाया गेलेले ते ज्ञान आता वाया जाणाऱ्या धुरावर कामाला लागले. पाइक्स पीकवर मॉसचे यंत्र जोडल्यावर लिबर्टी इंजिनाने ३५६ अश्वशक्ती दिली. चौदा हजार फुटांवर समुद्रसपाटीची शक्ती, किंबहुना कणभर अधिकच. काही आठवड्यांत युद्ध संपले आणि ज्या लढाईसाठी हे केले तिच्यात ते वापरलेच गेले नाही.

या यशाची दुसरी बाजू २७ फेब्रुवारी १९२० रोजी ओहायोतल्या डेटन शहरावर दिसली. मेजर रुडॉल्फ श्रोडर मॉसचे यंत्र बसवलेल्या लिबर्टी इंजिनाच्या विमानातून ३३,११३ फुटांवर पोचले. उघड्या कॉकपिटमध्ये तापमान शून्याच्या कितीतरी खाली होते. तेवढ्यात प्राणवायूचा पुरवठा अडला. तो सुरू करण्यासाठी श्रोडर यांनी चष्मा वर सरकवला आणि डोळ्यांतला ओलावा गोठून दिसेनासे झाले. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही श्वासावाटे आत गेला असावा. शुद्ध हरपून ते विमानासह पाच मैलांहून अधिक कोसळले. जमिनीच्या जवळ, दाट हवेत, शुद्ध आली आणि अर्धवट आंधळ्या अवस्थेत त्यांनी विमान उतरवले. इंजिनाच्या श्वासाचा प्रश्न सुटला होता. आता माणूस मागे पडला होता. उंचीची लढाई ही अशी एकेक आघाडी जिंकत जाण्याची होती, आणि प्रत्येक विजय पुढची कच्ची बाजू उघडी करत असे.

इथे एक आक्षेप निघतो. एव्हरेस्टवरून गेलेल्या विमानांत मॉसची धुरावर चालणारी टर्बाइन नव्हतीच. मग पाइक्स पीकपासून एव्हरेस्टपर्यंत धागा कसा काय ओढता? आक्षेप तपशिलात खरा आहे. लालबुंद तापलेल्या धुरात टिकेल असा धातू विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सहज मिळत नव्हता, त्यामुळे ब्रिटिश कारखान्यांनी सरळ वाट धरली: हवा दाबणारे चक्र इंजिनाच्याच दंडाला दातेरी चाकांनी जोडले. त्याला इंजिनाची थोडी शक्ती खर्च होते, पण यंत्र साधे आणि भरवशाचे. धागा उपकरणाचा नव्हे, हिशेबाचा आहे. पाइक्स पीकवर पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झाले की उंचीवर गमावलेली शक्ती परत मिळवता येते. ब्रिस्टल कंपनीत रॉय फेडन यांनी घडवलेले 'पेगासस' इंजिन या विचाराचेच अपत्य. अशा इंजिनाची एक मजेशीर अट असते: जमिनीलगत त्याचा लगाम पूर्ण सोडायचा नाही, नाहीतर दाट हवा आणखी दाबली जाऊन सिलिंडर फुटायचे. उंचीसाठी बनवलेले इंजिन सखल भागात आवरून धरावे लागते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी सिरिल युविन्स यांनी पेगासस बसवलेल्या विकर्स वेस्पा विमानातून ४३,९७६ फुटांचा जागतिक विक्रम केला आणि एव्हरेस्टवरून जाण्याचा मार्ग कागदावर मोकळा झाला.

एव्हरेस्टच का, याचे उत्तर मात्र इंजिनात नाही. १९२४ साली मॅलरी आणि अर्विन हे गिर्यारोहक शिखराजवळ नाहीसे झाले होते आणि शिखर अजिंक्य राहिले होते. ब्रिटिश सैन्यातल्या कर्नल ब्लॅकर यांच्या मनात विमानाने तिथे जायचे घोळत होते. नकाशासाठी छायाचित्रे घेणे हे त्यांचे सांगायचे कारण होते. पैसे दिले लेडी ह्यूस्टन या अतिश्रीमंत बाईंनी. १९३१ च्या श्नायडर चषकाच्या विमानशर्यतीसाठी सरकारने हात आखडता घेतल्यावर एक लाख पौंड देऊन मोकळ्या झालेल्या त्या याच. भारताला स्वराज्याचा हप्ता देण्याला त्यांचा कडवा विरोध होता, आणि मार्च १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारची भारताच्या राज्यघटनेविषयीची श्वेतपत्रिका निघाली होती. साम्राज्याचा दरारा हिमालयाच्या माथ्यावरून मिरवावा हा हेतू झाकून ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही. तेव्हा ही मोहीम म्हणजे निव्वळ विज्ञान होते असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. पण निव्वळ देखावा म्हणून तिला मोडीत काढणेही चुकीचे, कारण विरळ हवेला साम्राज्याचा दरारा समजत नाही. देखाव्यासाठीसुद्धा आधी हिशेब बरोबर यावा लागतो.

निवडलेली वेस्टलँड कंपनीची दोन विमाने एका इंजिनाची, एकावर एक दोन पंखांची, दोन माणसे नेणारी होती. आजच्या मोजमापाने छोटीच. निवडीची कारणे बोलकी आहेत. चाकांचे पाय उंच होते, त्यामुळे मोठ्या व्यासाचा पंखा जमिनीला न घासता बसवता येत होता. विरळ हवेत पंख्याला धरायला हवाच थोडी असते, म्हणून पाते लांब लागते. विमानाचा मागचा भाग खोल होता, तिथे छायाचित्रकाराला बंदिस्त जागा करता आली. वैमानिक मात्र उघड्यावरच. विजेने ऊब देणारे कपडे आणि प्राणवायूची नळी, एवढाच त्याचा बंदोबस्त. विमाने बोटीने कराचीला आली, तिथे जोडली गेली आणि उत्तर भारत ओलांडून बिहारमधल्या पूर्णियाजवळच्या लालबालूच्या मैदानावर पोचली. तिथून एव्हरेस्ट सुमारे १६० मैल. नेपाळ दरबाराची परवानगी मिळालेली होती. राहिला प्रश्न वाऱ्याचा. शिखराच्या पातळीवर वारा किती, हे पाहण्यासाठी हवामान खाते रोज फुगे सोडत होते. वारा जोराचा असला की परतीचे पेट्रोल पुरणार नाही. त्यामुळे दिवसामागून दिवस नुसती वाट पाहण्यात जात होते.

३ एप्रिल १९३३ रोजी सकाळी ८ वाजून २५ मिनिटांनी दोन्ही विमाने उडाली. पहिल्यात मार्क्विस ऑफ क्लाइड्सडेल आणि ब्लॅकर, दुसऱ्यात डेव्हिड मॅकिंटायर आणि चलच्चित्रकार बॉनेट. मैदानावरची धूळ जवळजवळ १९,००० फुटांपर्यंत पसरली होती. खालचा मुलूख दिसेना, आणि नकाशासाठी पायथ्यापासून सलग छायाचित्रे घेण्याचा बेत तिथेच फसला. धुळीच्या थरातून वर येताच समोर शिखरे होती. एव्हरेस्टच्या माथ्यावरून बर्फाची शेपटी वाऱ्याने पूर्वेकडे उडत होती. शिखराच्या आडोशाला शिरताच वरून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याने विमानांना धरले आणि पुरते चढत असलेले विमान काही क्षणांत दीड-दोन हजार फूट खाली आले. नेमके तेव्हा मागच्या विमानात बॉनेट यांच्या पायाखाली प्राणवायूची नळी तुटली. त्यांनी तिच्याभोवती रुमाल बांधला आणि ते बेशुद्ध पडले. मागे वळून पाहताना मॅकिंटायर यांच्या स्वतःच्या मुखवट्याचे जोडही निखळले. परतीच्या वाटेवर ते तो एका हाताने नाकाशी दाबून धरून विमान चालवत होते, मागचा माणूस मेला असावा अशा समजुतीत. खाली दाट हवेत आल्यावर बॉनेट हलले. त्याआधी, १० वाजून ५ मिनिटांनी, क्लाइड्सडेल यांचे विमान शिखरावरून गेले होते, अगदी थोड्या अंतराने. ११ वाजून २५ मिनिटांनी विमाने लालबालूला परतली. या हकिगती मोहिमेतल्या मंडळींनीच त्याच वर्षीच्या 'फर्स्ट ओव्हर एव्हरेस्ट' या ग्रंथात लिहून ठेवल्या आहेत. आपल्या चुकाही त्यांनी मोकळेपणाने मांडल्या, त्यामुळे त्या विश्वासार्ह वाटतात.

आता दुसरा आक्षेप. खाली ओढणाऱ्या वाऱ्यातून सुटका झाली ती वैमानिकांच्या कसबाने. इंजिनाचे गोडवे कशाला? कसब होतेच. क्लाइड्सडेल हे मुष्टियोद्धे, मॅकिंटायर पक्के वैमानिक, दोघांची डोकी शांत. पण त्या क्षणी त्यांच्या हातात काय होते ते पाहू. विरळ हवेत खरा वेग दीडपटीहून जास्त, त्यामुळे तेवढाच तिरपा होऊन वळायला लागणारे वर्तुळ जमिनीलगतच्या मानाने अडीचपट मोठे. कड्याजवळ वळून पळ काढण्याची सोय जवळजवळ नाही. उरतो एकच उपाय, चढत राहणे, आणि चढायला शिल्लक शक्ती लागते. ती शिल्लक इंजिनाने दाबून भरलेल्या हवेची होती. साध्या इंजिनाचे विमान त्या उंचीवर पोचलेच नसते, मग कसब दाखवायला जागाही नसती. आणि त्या दिवशी ज्यांचा श्वास तुटला ते पाहा: दोन्ही वेळा श्वास माणसाचा होता. दोन्ही इंजिने शेवटपर्यंत नीट चालली.

दुसऱ्या दिवशी मोहिमेचे प्रमुख फेलोज कांचनजंगाकडे जाऊन आले. लंडनला यश पुरेसे वाटले होते आणि पुन्हा एव्हरेस्टकडे जाऊ नये अशी ताकीद होती. पण नकाशाची छायाचित्रे राहिली होती. १९ एप्रिलला क्लाइड्सडेल आणि मॅकिंटायर आदेश झुगारून परत गेले आणि या वेळी हवी ती छायाचित्रे घेऊन आले. मोहिमेच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले. क्लाइड्सडेल ड्यूक ऑफ हॅमिल्टन झाले आणि १९४१ मध्ये नाझी नेता रुडॉल्फ हेस त्यांनाच भेटायला म्हणून विमानातून स्कॉटलंडमध्ये उतरला. इतिहासाने त्यांना एव्हरेस्टपेक्षा त्या आगंतुकासाठी जास्त लक्षात ठेवले, हे थोडे अन्यायाचेच. परिणामांचे वजन मात्र वेगळ्या पारड्यात आहे. माणसाच्या श्वासाचा प्रश्न नळ्या आणि रुमालांनी सुटणार नाही, हे उघड झाले होते; पुढे आधी वैमानिकाचा पोशाख आणि मग अख्खी केबिनच दाबाने भरण्याकडे काम वळले. मॉसची टर्बाइन, चांगले धातू मिळाल्यावर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बाँबफेक्या विमानांवर परतली. आणि दातेरी चाकांचे दाबयंत्र डकोटासारख्या साध्या वाहतुकीच्या विमानातही नेहमीचे झाले.

त्याचा उपयोग भारताला लवकरच झाला. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा उतरवले. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने ती पट्टी सिंधूकाठी तयार करून घेतली होती. काश्मीरचे युद्ध चालू होते, पाकिस्तानच्या बाजूचे टोळीवाले लेहच्या दिशेने येत होते आणि रस्त्याने सैन्य वेळेत पोचणे शक्य नव्हते. एव्हरेस्टच्या मोहिमेत शिखर ओलांडून दाट हवेत परतायचे होते. इथे विरळ हवेतच उतरायचे आणि तिच्यातूनच पुन्हा उडायचे होते. उतरताना खरा वेग जास्त, त्यामुळे धावपट्टी लवकर संपते. उडताना पंखांना उचल मिळायला वेग जास्त लागतो आणि पंख्याची पकड सैल असते. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या दौलत बेग ओल्डीवर फेअरचाइल्ड पॅकेट उतरवले तेव्हा दोन इंजिनांच्या जोडीला विमानाच्या पाठीवर एक छोटे जेट इंजिन बसवावे लागले होते. दाबयंत्रानेही भागेनासे झाले की शक्ती बाहेरून आणून जोडायची, एवढाच मार्ग उरतो.

लेहचा विमानतळ आज १०,६८२ फुटांवर आहे. पण ही उंची थंडीतली समजायची. ऊन तापले की हवा फुगते आणि आणखी विरळ होते. तापमान २५ अंशांवर गेले की ती धावपट्टी विमानाच्या दृष्टीने चौदा हजार फुटांवर जाऊन बसते, म्हणजे मॉसने ट्रकमधून इंजिन नेले होते साधारण तेवढ्याच उंचीवर. दुपारी दरीतला वाराही चढतो. म्हणून लेहची प्रवासी विमाने अजूनही बहुतेक सकाळीच, हवा गार आणि वजनदार असताना, ये-जा उरकून घेतात.